वाटेतला तारा

फ्रिजमागच्या नळीच्या सांध्यावर मेकॅनिकने साबणाचा फेस लावला. बुडबुडा आला, म्हणजे गॅस अजून गळत होता. त्याने तो फडक्याने पुसला आणि परत फेस लावला.

"काका, आत येऊ?"

दारात त्याच्या बायकोची विद्यार्थिनी उभी होती. वेधशाळेत दोघी एकाच छोट्या दीर्घिकेवर काम करायच्या. उद्या तिथे बायकोच्या आठवणीसाठी सभा होती आणि त्यालाही चार शब्द बोलायचे होते.

"ये. स्टूल झटकून घे, नाहीतर माझ्यासारखी दिसशील."

ती हसली नाही. बसलीही नाही.

"उद्या तुम्ही ते शेवटचं वाक्य वाचू नका."

ते वाक्य त्याच्या गिऱ्हाइकांनाही पाठ झालं होतं. छोट्या दीर्घिकेच्या गुरुत्वाची ओढ कमी. पहिले मोठे तारे फुटले की वायू बाहेर निसटतो आणि नवे तारे जन्मायचे थांबतात. "मी जाऊन गॅस भरून देऊ का?" असं त्याने विचारलं होतं तेव्हा बायकोला हसून हसून ठसका लागला होता. पण तिच्या दीर्घिकेत एक तारा वेगळा निघाला. त्यात लोखंड जास्त होतं, आणि एवढं लोखंड ताऱ्यांच्या पिढ्या गेल्याशिवाय साठत नाही. म्हणजे सगळं थंडावल्यावर तिथे पुन्हा तारे जन्मले होते, हेच ते शेवटचं वाक्य. ती गेल्यापासून या 'पुन्हा'च्या जोरावर तो दुकानाचं शटर उघडत होता.

"काय चुकलं त्यात?"

"तो तारा तिथला नाही, काका. त्याचा वेग तिथल्या ताऱ्यांशी जुळत नाही. आपल्याच आकाशगंगेतला आहे. वाटेत आला, म्हणून तिथला वाटला."

"एका ताऱ्याने काय होतंय! राहू दे की."

"सगळं त्या एकावरच होतं."

"मग ती असताना का नाही मोजलात?" त्याचा आवाज चढला. "आता ती भांडायला नाही, म्हणून?"

"मॅडमनाच शंका होती. वेग मोजायला मोठ्या दुर्बिणीवर वेळ मिळावा म्हणून अर्ज त्यांनीच केला होता. दवाखान्यातून. निकाल काल आला."

तो बोटांवरचा फेस पुसू लागला. फेस गेला तरी पुसत राहिला.

"दवाखान्यात मला रोज सांगायची ती. तिथे पुन्हा तारे जन्मले म्हणून."

"आपणहून?"

रोज तोच विचारायचा, खुर्ची उशाशी ओढून. ती घोटभर पाणी मागायची, त्याच्याकडे जरा वेळ बघायची आणि मग सांगायची.

"म्हणजे तिथे नंतर काहीच नाही झालं?"

"नाही, काका."

त्याने खिशातला घडीचा कागद काढला, कानामागची पेन्सिल घेतली आणि शेवटची ओळ खोडली. आता भाषण मध्येच तुटल्यासारखं दिसत होतं. कागद तसाच घडी करून त्याने परत खिशात ठेवला.

नळीच्या सांध्यावर बुडबुडा फुगत होता. दोघंही बघत राहिले. या वेळी त्याने फडकं उचललं नाही.