शनिवारची हजेरी

साहेब लोक स्वतःच्या हाताने चहा आणून देऊ लागले की कामगाराने सावध व्हावं. शुक्रवारी दुपारी निरंजन साहेब कप घेऊन एझ्रा वाक्रुळकरसमोर आले.

चाकणच्या त्या कारखान्यात गाड्यांचे पत्रे दाबणारे प्रेस होते आणि एझ्रा प्रेसवरचा जुना माणूस. कंपनीची सुट्टी गुरुवारी. एझ्रा पडला बेने इस्राएल, कोकणातला मराठी ज्यू. शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या शब्बाथला, त्याच्या घरी गॅससुद्धा पेटत नाही, तिथे मशीन कुठलं चालवणार? म्हणून त्याने आणि त्याच प्रेसवरच्या धम्मपालने आपसात जमवून घेतलं होतं. एझ्राचा शनिवार धम्मपाल करायचा आणि धम्मपालचा रविवार, विहारातल्या वंदनेचा, एझ्रा. हे सगळ्या साहेबांना ठाऊक होतं.

गेल्या शनिवारी धम्मपालचा उजवा पंजा प्रेसखाली गेला. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद होता. माल जास्त निघावा म्हणून तो बंद ठेवायचा हुकूम निरंजन साहेबांनी या दोघांसमोरच दिला होता. आता कंपनी म्हणत होती, धम्मपालनेच तो परस्पर बंद केला. उद्या सकाळी सरकारी अधिकारी चौकशीला येणार होते, आणि धम्मपालच्या बाजूने खरं सांगणारा साक्षीदार एझ्राशिवाय दुसरा कोणी नव्हता.

"तुम्हाला खोटं बोलायला कोण सांगतंय, एझ्राभाऊ?" साहेब म्हणाले. "उद्या तुमचा शनिवार. घरी बसा, देवाचं करा. कंपनी तुमच्या धर्माच्या आड कधी आली आहे का?"

मग जाता जाता त्यांनी वहिनींची चौकशी केली. पिंपळे सौदागरच्या क्लासवरून त्या चालत येतात ना, रस्त्याला दिवे नाहीत, जपायला सांगा. मागे तोच प्रेस धाडधाड चालला होता. सेन्सर अजून बंदच होता आणि धम्मपालच्या जागी एक नवा कंत्राटी कामगार आत हात घालत होता.

संध्याकाळी रहाटणीत त्याच्या सोसायटीच्या गेटसमोर एक काळी गाडी उभी होती, इंजिन चालू ठेवून. वर त्याच्या बायकोने, मोझेलने, शब्बाथचा दिवा लावला होता, काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर तेल आणि वात. एझ्राने मनुकांच्या शरबतावर किद्दुश, शब्बाथच्या स्वागताची प्रार्थना, म्हटली. जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं. पाण्यात राहून माशाशी वैर करून कसं चालेल, म्हणाला. उद्या शब्बाथ आहे ही देवानेच केलेली सोय, असंही म्हणाला. हे म्हणताना त्याला खरोखर सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच त्याला लाजही वाटली.

मोझेलही घाबरली होती. बाल्कनीचं दार तिने दोनदा तपासलं होतं.

"तुम्हाला शब्बाथ पाळता यावा म्हणून धम्मपाल त्या मशीनवर उभा होता," ती म्हणाली. "आपले लोक मिसरच्या गुलामीतून कशाला निघाले? एक दिवस तरी कुणाचं गुलाम नसावं म्हणूनच ना? साहेबाने सांगितलं म्हणून घरी बसलात तर तो शब्बाथ नाही, अहो. ती साहेबाचीच शिफ्ट झाली. आणि त्या प्रेसवर आता दुसरा माणूस आहे; जीव वाचवायला शब्बाथ मोडावा, हे आपल्यात पोरासोरांनाही माहीत असतं."

रात्रभर खालच्या इंजिनाचा आवाज येत राहिला.

सकाळी त्याने चौकटीवरच्या मेझुझाला, प्रार्थनेच्या डबीला, बोटं लावून ओठांना टेकवली आणि आयुष्यात पहिल्यांदा शनिवारी मोटरसायकलला किक मारली. काळी गाडी मागे लागलीच. मोशीच्या पुढे तिने त्याला असं घासलं की मोटरसायकल रस्त्याखालच्या खडीत गेली. गुडघा फुटला. हेल्मेटच्या आत तो मोठमोठ्याने शेमाची प्रार्थना म्हणत होता. भीती कमी झाली नव्हती, पण आज कुठे जायचं हे त्याचं त्याने ठरवलं होतं, आणि इतकं मोकळं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मोटरसायकल उभी करून तो पुन्हा निघाला.

कारखान्याच्या ऑफिसच्या दारात निरंजन साहेब आडवे उभे होते. चेहऱ्यावर आज हसू नव्हतं.

"आज शनिवार आहे, एझ्राभाऊ."

"माहीत आहे. धम्मपालने माझे इतके शनिवार केले," एझ्रा म्हणाला, "आज मी त्याचा करतो."

आतल्या अधिकाऱ्यांनी मान वर करून कोण आहे म्हणून विचारलं, तेव्हा साहेबांना बाजूला व्हावं लागलं. अधिकाऱ्यांनी खुर्ची दाखवली. एझ्रा बसला नाही. आधी खालचा प्रेस थांबवा, त्यात आत्ता एका माणसाचे हात आहेत, मग हवं ते विचारा, म्हणाला. अधिकारी त्याच्या रक्ताळलेल्या गुडघ्याकडे बघत उठले आणि खाली गेले.

थोड्या वेळाने धाडधाड बंद झाली आणि ऑफिसातला पंखा ऐकू येऊ लागला. निरंजन साहेब खिडकीशी फोनवर हळू आवाजात कुणाशी तरी बोलत होते, आणि गेटबाहेर काळी गाडी पुन्हा येऊन उभी होती. अधिकारी परत आल्यावर एझ्रा खुर्चीत बसला आणि गाडीकडे पाठ करून सांगू लागला.