पतीच्या नावाचा रकाना

चौदा वर्षं मी एक वाक्य जपून ठेवलं होतं. ते खुशालभाऊंचं होतं आणि त्यांनाच परत करायचं होतं.

चौऱ्याहत्तर साली माझी आई, मंदाबाई, मोहाडीजवळच्या आमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीत सभासद व्हायला गेली. फॉर्मवर पतीचं नाव हवं होतं आणि तो हयात की मयत, तेही. माझा बाप आम्हाला टाकून परागंदा झालेला, हयात की मयत कुणालाच ठाऊक नाही. खुशालभाऊ सेक्रेटरी. "फॉर्म वरून आला बाई, मी का करू?" म्हणाले. सभासद नाही, म्हणून तलावात जाळं टाकायची बंदी. तरीही आईने टाकलं, तर त्यांनी ते सगळ्यांदेखत विळ्याने कापलं.

अठ्ठ्याऐंशीत सोसायटीला कॉम्प्युटर मिळाला आणि प्रोग्राम करायला नागपूरहून आले ती मीच. माझी कामाची रीत अशी, की स्क्रीन एकेक करून बनवायचे नाहीत. एक तक्ता लिहायचा. एका ओळीत एक रकाना, त्याचं नाव आणि त्याची अट. त्या तक्त्यावरून नोंदणीचे, ठेक्याचे, मतदानाचे सगळे स्क्रीन प्रोग्राम आपणच मांडतो. पतीच्या नावाची ओळ मी खोडली. सगळ्या स्क्रीनवरून नवरा एका दमात गेला, फार बरं वाटलं! मग सोसायटीच्याच नियमातली, कुणीच न पाळलेली अट घातली: स्वतः जाळं टाकतो का, आणि टाकताना पाहिलेले गावातले दोन जण. भरल्याशिवाय नोंद नाही. खुशालभाऊंनी तक्ता न वाचताच सही ठोकली.

उद्घाटनाच्या सभेत सगळ्यांच्याच नव्या नोंदणीची सुरुवात त्यांच्यापासून झाली. जाळं टाकता का? त्यांनी ऐटीत 'हो' सांगितलं. पाहिलेले दोघे? त्यांनी मागे वळून बघितलं. मागे बसलेल्या गावकऱ्यांतला आसाराम पायाच्या नखांकडे बघत बसला. बुधराम उगाच खोकला.

"हा रकाना काढून टाक ना वो पोरी. काहून अडवून राहिली मले?" खुशालभाऊ म्हणाले.

"फॉर्म वरून आला भाऊ, मी का करू?" मी म्हणाले. "सही तं तुमचीच हाय."

मग मी आईला पुढे बोलावलं. तिला जाळं टाकताना कोणी पाहिलं, म्हणताच आसारामने हात वर केला. आणखी दहा हात वर झाले. दुसरा साक्षीदार म्हणून मी त्यांतलं एकही नाव घेतलं नाही.

"खुशालभाऊ, आईचं जाळं कापलं तवा तुम्ही पाहिलंच असन ना?"

त्यांनी होकाराची मान हलवली.

सभासद क्रमांक एक, मंदाबाई. खुशालभाऊंचं नाव त्या दिवशी सोसायटीच्या नोंदीत आलं ते एवढंच, आईचे साक्षीदार म्हणून.