लेबल न खरवडलेला डबा

मी एक जुना प्लास्टिकचा डबा आहे, मित्रांनो. सचिन नावाच्या गावातल्या कारखान्यात घडलो. एका कंपनीने माझ्यात ताकदीची पावडर भरली आणि अंगावर धावणाऱ्या मुलीचं चित्र असलेलं लेबल डकवलं. तेव्हा मी भलताच तोऱ्यात होतो.

गोडादऱ्यातल्या सुंदराबाईंची लेक गायत्री आठशे मीटर धावायची. माझी पावडर ती रोज दुधातून प्यायची. मी रिकामा झालो, तसा तिचा भाऊ कुंदन मला फेकायला निघाला. सुंदराबाई कडाडल्या, "रिकामा डबा कोन फेकस रे? पीठ भराले कामे येई!" बाकी डब्यांची लेबलं त्या चाकूने खरवडत. माझं ठेवलं, चित्रातली पोर गायत्रीसारखी दिसते म्हणे. मग पोटात कळणाचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ घेऊन मी फळीवर बसलो. तोरा गेला, पण काम मिळालं.

आणि एक दिवस घरावर आभाळच कोसळलं. स्पर्धेतल्या तपासणीत गायत्रीच्या नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडलं. राखून ठेवलेल्या दुसऱ्या नमुन्यातही तेच. तिचं धावणं त्या दिवसापासूनच बंद झालं. तपासणीच्या फॉर्मवर 'काय काय घेता?' या रकान्यात तिने 'काही नाही' लिहिलं होतं. आमच्या घरी पावडर म्हणजे दूधच समजत! काही महिन्यांनी समितीने चार वर्षांची बंदी घातली. चार वर्षांत धावायचं वय निघून जातं. पोरगी जेवेना. मी फळीवरून नुसता बघत होतो.

अपिलाला एकवीस दिवस होते. वकील हर्षदाताई म्हणाल्या, "औषध कुठून आलं, हे आपल्यालाच सिद्ध करावं लागेल. पावडरीचा बॅच नंबर आहे का?"

गायत्री उठलीच. "माय, तो डबा कोठे शे?"

"आठेच शे! कळणानं पीठ शे त्यामा."

माझ्यावरच्या नंबरावरून कुंदनने भेस्तानच्या एका दुकानातून त्याच बॅचचा सीलबंद डबा शोधून काढला. प्रयोगशाळेत त्या पावडरीतही तेच औषध निघालं, लेबलावर नाव नसलेलं. अपील समितीपुढे मी टेबलावर ताठ उभा होतो. गायत्री म्हणाली, "फॉर्मवर लिहिलं नाही, ही चूक माझीच." बंदी आठ महिन्यांवर आली, आणि धावणं थांबलं त्या दिवसापासून मोजता ते तर केव्हाच सरले होते! सुंदराबाईंनी मला खरोखर ओवाळलं, मित्रांनो. मग माझ्या रिकाम्या पोटात डोकावून पहिला प्रश्न: "मनं पीठ कोठे सांडं?"

पुढच्याच स्पर्धेत गायत्री पहिली आली. तेव्हा माझं सांगणं एवढंच: पोटात काय जातं ते लेबलासकट जपा आणि विचारलं की सगळं लिहा. गायत्रीने त्या दिवशी धावून झाल्यावर तपासणीच्या फॉर्मवर शेवटी 'कळणाची भाकरी' असंही लिहिलं. अधिकारी हसला, "बेन, ये लिखने की जरूरत नहीं."

"लिखने दो, साहब. आज इसी पे दौड़ी हूँ!"