दोन हात राणी

आमच्या घरात रागीट कोण, असं विचारलंत तर घरातले सगळे, म्हणजे आमचे हे, माझ्याकडे बोट दाखवतील. मी नाकारत नाही. माझा राग दुधासारखा आहे, डोळ्यांदेखत वर येतो आणि गॅस बंद केला की मुकाट खाली बसतो. पण मधल्या मध्ये जे उतू जातं ते पुसायला मला एकदा बारा वर्षं लागली. ती गोष्ट सांगते.

माझी नणंद शाळेत मुख्याध्यापिका होती. तिचं घरातलं नाव राणी. मनातल्या मनात मीही तिला राणीच म्हणते, पण तोंडाने लग्नाच्या दिवसापासून 'वन्सं' आणि 'तुम्ही'. तिच्यासमोर उभं राहिलं की माझी पाठ आपोआप ताठ होते. बारा वर्षांपूर्वी ती पाच दिवस राहायला म्हणून आली. आमची एक छोटी खोली आहे खरी, पण तिच्यात तेव्हा अकरा बंद पंखे राहत होते. ह्यांना पंखे दुरुस्त करण्याचा नाद. लोक पंखा देऊन जातात, हे तो उघडतात, आणि मग तो पंखा आमचा होतो. त्यामुळे राणीची सोय बैठकीत, घडीच्या पलंगावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचं पातेलं घेऊन येताना मी तिच्या बॅगेला अडखळले. दूध जमिनीवर, मी दुधात, आणि माझ्या तोंडून निघालं, "या घरात पाय ठेवायला जागा म्हणून नाही!" हे मी पंख्यांना म्हटलं. म्हणजे ह्यांना म्हटलं. राणी आतल्या खोलीत केस विंचरत होती, तिने ते स्वतःला लावून घेतलं. दहाच्या गाडीने ती परत गेली, "शाळेत काम निघालं" म्हणून. शाळेला सुट्टी होती.

त्यानंतर ती येत राहिली, पण जेवायला आणि तेवढ्यापुरतीच. पर्स मांडीवर, चपला दाराकडे तोंड करून, संध्याकाळची गाडी पक्की. आमच्या घरी एक रात्र म्हणून तिने काढली नाही. मी पंख्यांना बोलले होते, हे मी शंभरदा ह्यांना सांगितलं. जिला सांगायचं तिला सांगायची माझी छाती झाली नाही.

या वर्षी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. डॉक्टर आमच्या गावातले. ऑपरेशन पुढच्या आठवड्यातल्या सोमवारी, आणि पुढचे सात दिवस जवळच कुठे तरी राहा म्हणाले. तिने ह्यांना फोनवर सांगितलं की दवाखान्याशेजारी लॉज आहे, तिथे खोली घेते. मी ह्यांच्या हातातून फोन ओढून घेतला.

"लॉज कसला, वन्सं? तुमची खोली तयार आहे!"

मग ती म्हणाली, "माझी खोली?"

"हो, तुमची."

"बरं. दोन दिवस येते. मग बघू."

फोन ठेवला. हे माझ्याकडे बघत होते. "कुठली खोली?"

"पंखे हलवा," मी म्हटलं.

पुढचे दहा दिवस मी जमिनीवर नव्हतेच. राणी येणार, राहणार, झोपणार, सकाळी माझ्या हातचा चहा पिणार! दोन दिवस म्हणाली होती, पण एकदा का तिने बॅग उघडून कपडे कपाटात लावले की दोनाचे सात मी करून दाखवणार होते. सगळं त्या बॅगेवर अवलंबून होतं. चार पंखे माळ्यावर गेले, तीन आमच्या पलंगाखाली, दोन कपाटावर. एक शेजाऱ्यांना भेट दिला, ते अजून का ते विचारतात. अकरावा हे कुशीत घेऊन बसले होते, तो मी स्वतः भंगारात दिला.

खोली रिकामी झाल्यावर कळलं की ती जेमतेम नऊ बाय आठची आहे आणि तिला एक छान खिडकी आहे. खिडकीचा आम्हाला विसर पडला होता. आता रंग.

रंगारी उंच, सडपातळ, आणि तत्त्वाचा पक्का माणूस निघाला. पहिल्याच दिवशी त्याने अट सांगितली. "ताई, रंग तोंडी सांगायचा नाही. एका घरी राखी म्हणाले, मी खाकी ऐकलं. अख्ख्या बैठकीची पोलीस चौकी झाली. तेव्हापासून कानाला खडा. ज्या खोलीला जो रंग, तो त्या खोलीच्या दारावर खडूने लिहून ठेवा. मी दार वाचतो, माणसाचं ऐकत नाही."

पॅसेजच्या भिंतीवर मी 'मोतिया' लिहिलं. छोट्या खोलीचं काही ठरत नव्हतं. आकाशी की पिस्ता, पिस्ता की आकाशी, यात माझे तीन दिवस गेले. रंगारी तोवर भिंती घासून, भेगांत लांबी भरून, गुळगुळीत करून गेला.

शनिवारी सकाळी राणीचा फोन आला. "उद्याचं तिकीट काढलं, वहिनी." मला इतका आनंद झाला की काय करू नि काय नको. हातात खडू होता. मी छोट्या खोलीच्या दारावर, लहान मुलं लिहितात तसं, चांगलं वीतभर अक्षरात लिहिलं, 'राणी'. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. मग पडदे आणायला बाहेर पडले.

पडद्याच्या दुकानात निळ्या फुलांचा एक पडदा दिसला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिथूनच ह्यांना फोन केला. "रंगारी आला का? त्याला सांगा, आकाशी! फिकट आकाशी!"

"सांगतो," हे म्हणाले.

मग मी चादर घेतली, उशीचे अभ्रे घेतले, पायपुसणं घेतलं, एक छोटा दिवा घेतला, दिव्याला शोभेल म्हणून दुसरं पायपुसणं घेतलं, आणि चार वाजता दोन्ही हात भरून घरी आले. दार उघडलं तर पॅसेजमध्ये गुलाबी उजेड. मला वाटलं, आग लागली. धावत आत गेले.

राणी रंग तुम्हाला माहीत आहे. गुलाबी आणि जांभळा यांनी घरच्यांचं न ऐकता लग्न केलं तर जे होईल ते. स्वेटरला ठीक असतो, रिबिनीला ठीक असतो. इथे तो चारही भिंतींवर होता. पहिला हात सुकला होता, दुसरा हात तीन भिंतींवर मारून झाला होता, आणि रंगारी स्टुलावर उभा राहून चौथ्या भिंतीवर मन लावून रोलर फिरवत होता. खाली हे उभे होते. नाकाच्या शेंड्यावर एक राणी ठिपका.

"हे काय आहे?" मी ओरडले.

"राणी," रंगारी म्हणाला. "दारावर लिहिलंय."

"अहो, मी तुम्हाला आकाशी सांगितलं होतं ना?"

"मी सांगितलं त्याला," हे म्हणाले. "तो म्हणाला, तोंडी घेत नाही. मग मी दार वाचलं. अक्षर तुझंच होतं. म्हटलं, राणीसाठी राणी रंग! काय कल्पना आहे! तू बदलायला लागली असशील, पण पहिला विचारच खरा."

"ते नाव आहे!"

रंगारी स्टुलावरून खाली आला. दार वाचलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा दार वाचलं. "ताई, दारावर नाव कोण लिहितं?"

आता त्याच्याशीही दोन हात करायचे असं ठरवून मी हातातलं पायपुसणं उगारलं, आणि काय झालं कोण जाणे, मला हसू फुटलं. त्या भिंतींपुढे तो निळ्या फुलांचा पडदा धरून बघितला तर पडदा बिचारा लाजून अंग चोरत होता. मी जमिनीवर बसून हसले, हे बसले, रंगारी भिंतीला टेकणार होता पण वेळेवर सावरला. हसता हसताच मला आठवलं. राणी उद्या येणार. बारा वर्षांनी तिला खोली दिली, आणि तीही अशी की तिला वाटावं, आपली टिंगल चालली आहे. ती बॅग उघडणार नाही. ऑपरेशन झालं की तडक लॉजवर जाईल.

"यावर आत्ताच्या आत्ता आकाशी मारा," मी म्हटलं.

"जांभळा होईल. आधी प्रायमर, मग दोन हात. मंगळवारी येतो." रंगाऱ्याने मायेने भिंतीकडे पाहिलं. "पण रंग असा बसलाय ना ताई, दहा वर्षं हलायचा नाही."

रविवारी दुपारी राणी आली. हात पुढे करून, चाचपडत, पण चाल मुख्याध्यापिकेचीच. मी जीव मुठीत धरून तिला खोलीत नेलं. ती मधोमध उभी राहिली. चारी भिंतींकडे डोळे बारीक करून बघितलं.

"मळखाऊ रंग आहे," ती म्हणाली. "चांगला आहे."

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर संपलंच होतं.

"दारावर काही तरी पांढरं लागलंय," ती म्हणाली. "पुसून घ्या, वहिनी."

"हो हो, पुसते," मी म्हटलं, आणि गडबडीत विसरले.

बॅग तिने दाराशीच ठेवली. चेन बंद. चपला दाराकडे तोंड करून. मी कपाट उघडून दाखवलं, हँगर दाखवले, हँगर किती मजबूत आहेत तेही दाखवलं. ती म्हणाली, "असू दे, दोनच तर दिवस." माझा चेहरा पडला, पण तिला तो दिसला नसावा.

सोमवारी ऑपरेशन नीट झालं. एका डोळ्यावर पट्टी घेऊन ती आली आणि झोपली. मंगळवारी सकाळी हे तिला पट्टी काढायला दवाखान्यात घेऊन गेले, आणि अकरा वाजता ठरल्याप्रमाणे रंगारी आला. एका हातात प्रायमरचा डबा, दुसऱ्या हातात ओलं फडकं.

"आधी दार पुसतो, ताई. मग नीट लिहा. आ-का-शी."

मी खडू घेऊन उभी राहिले, तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. राणी काळा चष्मा लावून आत आली ती वाचतच. कॅलेंडर वाचलं, गॅसच्या शेगडीवरचं नाव वाचलं, बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरं वाचली. मग माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाली, "अगंबाई वहिनी, किती सुरकुत्या!"

"तुम्ही अजून आरशात बघितलं नाहीत," मी म्हटलं. माझा स्वभाव.

ती खुदकन हसली आणि पॅसेजमध्ये वळली. रंगाऱ्याने फडकं दारावर टेकवायला हात उचलला.

"थांबा!"

तो आवाज शाळेचा होता. रंगाऱ्याचा हात वरच राहिला, हे ताठ उभे राहिले, मी खडू पाठीमागे लपवला. राणीने चष्मा काढला. दाराच्या अगदी जवळ गेली.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं," मी म्हटलं.

"तुम्ही तर मला वन्सं म्हणता."

"मनात राणीच म्हणते. तुमची खोली म्हणून लिहिलं. तुम्ही येणार कळलं आणि राहवलंच नाही मला."

तिने अक्षरावरून बोट फिरवलं, खडू पुसला जाणार नाही इतकं अलगद. "वेलांटी बरोबर आहे," ती म्हणाली. मग तिने दार ढकललं.

खिडकीतून ऊन आलं होतं. त्या उन्हात चारी भिंती नुसत्या ओरडत होत्या. राणी उंबऱ्यावर खिळली. एकदा आत बघितलं, एकदा दार वाचलं, एकदा रंगाऱ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळा उलगडा झाला. शिक्षिका ती. असं काही हसायला लागली की तिला चौकट धरावी लागली.

"वहिनी! म्हणजे हा मळखाऊ नव्हता?"

"मी दार वाचतो," रंगारी कळवळून म्हणाला.

ती हसत होती तोवरच बोलून टाकायला हवं होतं, नाही तर आणखी बारा वर्षं गेली असती. मी डोळे मिटले. "वन्सं, पाय ठेवायला जागा नाही असं मी त्या दिवशी म्हटलं ना, ते पंख्यांना म्हटलं होतं. तुम्हाला नाही. तुम्हाला मी कशाला म्हणेन? मला तुम्ही हव्या होतात."

हसणं थांबलं. "कुठल्या पंख्यांना?"

ह्यांनी आमच्या खोलीतल्या पलंगाखाली बोट दाखवलं. राणी तिथे जाऊन वाकू लागली, मी ओरडले, "वाकायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय!" मग ह्यांनीच एक पंखा ओढून बाहेर काढला. राणी त्या पंख्याकडे बघत राहिली.

"दादा, तुझ्या या पंख्यांपायी बारा वर्षं मी संध्याकाळच्या गाडीने परत जात होते?"

"तो आता सुरू होण्यातच आहे," हे म्हणाले.

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझ्या कधीचंच येत होतं. "रडू नका," मी म्हटलं, "औषधाचे थेंब वाहून जातील!" यावर ती रडता रडता पुन्हा हसली.

रंगारी अवघडून उभा होता. "मग ताई, आकाशीचं काय करायचं?"

उत्तर राणीने दिलं. "हा रंग किती टिकतो?"

"दहा वर्षं हलायचा नाही."

"तोंडी नको. लिहा."

मी त्याच्या हातात खडू दिला. त्याने दारावर, 'राणी'च्या खाली, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, 'दहा वर्षं'. राणीने ते तपासलं, मान हलवली आणि आत गेली. मी पॅसेजमध्येच थांबले. आतून चेन सरकल्याचा आवाज आला. मग कपाटाचं दार, मग हँगर, एकामागून एक.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. बॅग हातात, पण सपाट, घडी घातलेली.

"ही माळ्यावर टाका, वहिनी," ती म्हणाली. "खोलीत ठेवली तर पाय ठेवायला जागा राहत नाही."

मी स्टुलावर चढले आणि चार पंख्यांच्या पार मागे ती ढकलली, सहजासहजी हाताला लागणार नाही अशी.