भरलेलं विमान

“डोकं सांभाळ, बाई. वर सगळं लोखंड आहे,” विमानात माल लावणारा डेल म्हणाला, आणि हेनी मागच्या उघड्या दारातून आत शिरली.

बर्फावर मालवाहू विमान थांबलं आणि हवा बरी असली, की दक्षिण ध्रुवाकडच्या या संशोधन तळावरच्या कामगारांना ते आतून दाखवायची तिथली रीतच होती. आज स्वयंपाकघराची पाळी होती. हेनी तिथे पाव भाजायची. तिला यायचं नव्हतं, पण तळाचा व्यवस्थापक रसेल यानेच गळ घातली होती, “जाऊन बघून ये गं. मन रमेल.”

मन म्हणे! काल क्राइस्टचर्चहून तिच्या आईचा फोन आला होता. हेनीच्या छोट्या लेकीला, आनाहेराला, न्यूमोनिया झाला होता. पोर इस्पितळात, नाकाला प्राणवायूची नळी, आणि सारखी ‘मम्मी कुठंय’ विचारत होती. हेनीने तिथल्या तिथे रसेलकडे आजच्या विमानात परतीची जागा मागितली. त्याने खांदे पाडून सांगितलं, “विमान खचाखच भरलंय. माझ्या हातात असतं तर तुला नाही म्हटलं असतं का?” हेनीने वर त्याचेच आभार मानले होते.

“या रुळांवरून पेटारे सरकतात,” डेल कौतुकाने दाखवत होता. भांडी घासणारा म्हातारा ट्रेव्हर मान डोलावत होता. हेनी मात्र भिंतीकडे बघत होती. तिथे लाल जाळीच्या सीटा ओळीने दुमडून ठेवलेल्या होत्या.

“यांच्यावर कोण बसणार?”

“आज? कुणीच नाही. क्राइस्टचर्चला रिकामेच परत चाललोय आम्ही.”

हेनीने एक सीट उघडली, बसली आणि पट्टा आवळला.

ती उठत नाही असा निरोप मिळताच रसेल धापा टाकत आला. “हेनी, तमाशा नको. उद्या मंत्री जेवायला यायचेत. पाव कोण करणार?”

“म्हणजे पावासाठी खोटं बोललास?”

“खोटं कसलं? अडचण होती...”

“माझी पोर तिकडे श्वासासाठी धडपडतेय, आणि तू मला विमान बघायला पाठवलंस! लाज नाही वाटली?”

“मंत्री बिस्किटं खातील रे,” ट्रेव्हर म्हणाला. “मरत नाहीत.”

डेलने घसा खाकरला. “तळाची हरकत नसेल, तर मी नेतो.”

सगळे रसेलकडे बघत राहिले.

“जा,” तो शेवटी म्हणाला. “पण पुढच्या हंगामाला इथे येऊ नकोस.”

या नोकरीवरच हेनीचं घर चालत होतं. नियमाप्रमाणे तिचं वजन करायचं होतं. पेटाऱ्यांच्या काट्यावर ती जाड कोटासकट उभी राहिली, आणि परत येऊन बसली.

दार मिटलं. डेलने कानात घालायचे बोळे दिले. आणि आता तिला रसेलला ऐकवायचं एकेक वाक्य सुचायला लागलं. तुझी पोर असती तर? तेव्हाही पावच मोजले असतेस? इंजिनांच्या घरघरीत तिचं तिलाही ऐकू येत नव्हतं. तरी ती बोलत राहिली.