बासष्ट चकत्या

लेथवर मी आजवर काय काय कातलं म्हणून सांगू? पंपाचे दांडे, शिलाई मशीनच्या पुल्या, एकदा तर एका म्हाताऱ्या वकिलाच्या काठीची मूठ. पण कोर्टाचं काम आयुष्यात एकदाच आलं, आणि तेही पोरीच्या शाळेतून.

पोरगी आठवीत आहे. घरात तिला भिंगरी म्हणतात, कारण लहानपणी एका जागी ठरायची नाही. आता नाव तेवढं उरलंय. तिच्या तोंडून शब्द काढायचा तर अर्ज करावा लागतो, असं तिची आई म्हणते. तर त्या भिंगरीनं एकदा जेवताना आपणहून विषय काढला.

"बाबा, आमचं इतिहासात ग्रीस चालू आहे. अथेन्सच्या कोर्टात वकीलच नसायचे."

"सुखी असतील बिचारे."

"ज्याच्यावर आरोप, त्यानं स्वतःच बोलायचं. आणि निकाल साधी माणसं द्यायची, शेकडो. प्रत्येकाला दोन चकत्या मिळायच्या. मधून आरपार दांडी. एकीची दांडी भरीव, एकीची पोकळ. भरीव म्हणजे निर्दोष, पोकळ म्हणजे दोषी. दांडीची दोन्ही टोकं बोटांनी झाकून धरायची, म्हणजे शेजारच्यालाही कळत नाही. खरं मत धातूच्या भांड्यात टाकायचं आणि उरलेली चकती लाकडाच्या."

सर वर्गात असाच खटला करणार होते, बकरी चोरल्याचा. चकत्या पुठ्ठ्याच्या करू म्हणत होते. तर हिनं, वर्गात कधी हात वर न करणाऱ्या पोरीनं, हात वर करून सांगितलं होतं की माझे बाबा करून देतील.

मला काय, आभाळ ठेंगणं झालं. मालकाला विचारून भंगारातली पितळी सळई घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत कामाला बसलो. एकतीस भरीव, एकतीस पोकळ. दुसऱ्या दिवशी चारदोन नमुने घरी नेले, तेव्हा भिंगरी पुस्तक उघडून म्हणाली, "पण बाबा, इथे कांस्याच्या असं दिलंय."

आता गप्प बसावं की नाही? पण कारखान्यात सोळा वर्षं काढलेला माणूस, शहाणपण पाजळल्याशिवाय राहतो कसला! म्हटलं, "पुस्तक लिहिणाऱ्यानं कधी हातात कानस धरलीय का? एवढ्याशा चकतीला कांसं कोण वाया घालवेल? पितळच असणार. कातायला मऊ, दिसायला झकास. बिनधास्त लिही पितळ."

खरं सांगायचं तर माझ्याकडे पितळ होतं, एवढंच त्यातलं खरं. भिंगरीनं मान डोलावली. त्या आठवड्यात तिची चाचणी होती, हे मला माहीतही नव्हतं.

खटल्याच्या दिवशी सरांनी मला मुद्दाम बोलावलं होतं. सकाळी भिंगरी म्हणाली, "बाबा, आज नाही आलात तरी चालेल." मला वाटलं, लाजतेय. अर्धी रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला, चकत्या धुऊन पुसून पिशवीत घेतल्या आणि गेलो.

वर्ग तेहतीस पोरांचा. सरांनी मला मागच्या भिंतीशी बाकावर बसवलं. गुडघे हनुवटीला लागत होते. "हे आपले मिस्त्री. यांनी स्वतःच्या हातानं या चकत्या घडवल्यात," असं सर म्हणाले, तशा टाळ्या पडल्या. पोरांनी चकत्या हातात घेतल्या, फिरवून पाहिल्या. मी उगाच शर्टाची कॉलर नीट केली.

मग सर म्हणाले, "आज बकरीचा खटला नाही. आपल्याच वर्गात एक खरी तक्रार आली आहे. मी निकाल दिला तर कोणीतरी म्हणेल, सरांनी बाजू घेतली. तेव्हा तुम्हीच द्या, अथेन्ससारखा."

सर माणूस वाईट नाही. आपण काहीतरी फार न्याय्य करतोय, हा आनंद त्यांच्या तोंडावर अगदी दिसत होता. तक्रार करणारी मुलगी पुढे आली. दरवर्षी पहिली येणारी, घरी भिंगरीच्या तोंडून मी तिचं फार कौतुक ऐकलेलं. आणि दुसऱ्या बाजूला मान खाली घालून उभी राहिली आमची भिंगरी.



खुर्चीवर एक डबा होता, तळाला भोक पाडलेला. खाली बादली. डब्यातलं पाणी संपेपर्यंत बोलायचं. भोक खिळ्यानं पाडलेलं, वेडंवाकडं. मला विचारलं असतं तर ड्रिलनं नीट पाडून दिलं असतं, हेही तेव्हा मनात आलं. माणसाचं डोकं कुठे कुठे जातं!

पहिली येणारी छान बोलली. "चाचणीत प्रश्न होता, अथेन्सचे लोक कोर्टात मत कशानं देत? सगळ्या वर्गानं लिहिलं, कांस्याच्या चकत्यांनी. फक्त दोन पेपरात पितळेच्या असं आहे. एक माझा. मी घाईत चुकले. पण अगदी तीच चूक तिच्या पेपरात कशी? ती माझ्या शेजारी बसते. तिनं माझं पाहिलं."

मला आधी नुसता राग आला. मग ‘पितळ’ हा शब्द डोक्यात उतरला आणि राग जागच्या जागी थिजला.

पाणी पुन्हा भरलं. भिंगरीची पाळी. ती म्हणाली, "मी नाही पाहिलं." आणि थांबली. डब्यातून पाणी पडत होतं. सगळा वर्ग तिच्याकडे आणि त्या धारेकडे आळीपाळीनं बघत होता.

अथेन्सच्या नियमानं समोरच्याला प्रश्न विचारता येतो. पहिल्या येणाऱ्या मुलीनं विचारला. "मग पितळ कुठून आलं? पुस्तकात तर नाही."

भिंगरीनं वर पाहिलं. सरळ मागे, माझ्याकडे. मग नजर काढून घेतली.

"आठवत नाही," ती म्हणाली.

मी उठलो. बाक करकरला. "सर, ते..."

सरांनी हसून ओठांवर बोट ठेवलं. "मिस्त्री, प्रेक्षकांनी बोलायचं नाही हं. अथेन्समध्येसुद्धा नाही."

पोरं खो खो हसली. आणि मी बसलो.

मालकाच्या टेबलावर पाना आपटून दोन दिवस कामावर न गेलेला माणूस मी. बसमध्ये, दुकानात, कुठेही आवाज चढवायला मला निमित्त लागत नाही. एक वाक्य बोलायचं होतं. ‘पितळ मी सांगितलं.’ ती सुटली असती, आणि तक्रार करणाऱ्या शेजारणीनं ते कुणाचं पाहून लिहिलं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण आत्ताच टाळ्या वाजवलेली तेहतीस तोंडं माझ्याकडे वळली होती. मिस्त्रींना एवढंही माहीत नाही, असं त्यांना कळणार होतं. सरांनी बोट ठेवलं तेव्हा मला क्षणभर हायसं वाटलं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एकतीस पोरं हातात पितळ धरून बसली होती आणि एकाच्याही मनात काही येत नव्हतं.

पाणी संपलं.

पोरं एकेक करून उठली. पुढे एक पत्र्याचा डबा, तो खऱ्या मताचा, आणि एक लाकडी खोका. टोकं बोटांनी नीट झाकलेली. कोण काय टाकतंय ते सरांनाही कळू नये अशी. पण मी त्या चकत्या कातल्या होत्या. भरीव चकती पत्र्यावर पडली की ठक्क वाजते. पोकळ पडली की बारीक किणकिणते. इतरांना तो नुसता आवाज, मला अक्षर दिसावं तसं दिसत होतं.

किण. किण. ठक्क. किण.

मला कान बंद करायचे होते, पण कसे करणार? एक जाडा पोरगा डब्यापाशी बराच वेळ थांबला, माझा जीव त्याच्या बोटांत गेला. किण. दोन वेण्यांची एक मुलगी डोळे पुसत आली, ठक्क. पुढच्या रांगेतली चार पोरं एकमेकांकडे बघत गेली आणि चारही किणकिणली. शेवटच्या पोरापर्यंत मी मोजलं. तेवीस पोकळ, आठ भरीव. मग सरांनी डबा टेबलावर पालथा केला आणि सावकाश मोजून तेच सांगितलं. भिंगरी मात्र ते ऐकेपर्यंत थांबली होती, कदाचित तिला आशाही असेल. मला तर कधीचं कळून चुकलं होतं आणि तिला सांगता येत नव्हतं.

"आता शिक्षा," सर म्हणाले. त्यांचा उत्साह जरा कमी झाला होता. "तक्रारदारानं एक सुचवायची आणि दोषी ठरलेल्यानंही स्वतःसाठी एक सुचवायची. लोक त्यातली एक निवडत."

पहिली येणारी म्हणाली, "पेपरला शून्य."

मग भिंगरीची पाळी. केलेलंच नाही त्याची शिक्षा स्वतःच शोधायची. मोठ्या माणसाला सुचत नाही, तिला तर तेरावं सरून चौदावं लागलंय. शेवटी म्हणाली, "मी वर्षभर शेवटच्या बाकावर बसते. एकटी. म्हणजे कोणाला शंका नको."

सर म्हणाले, "अगं, एवढं..." पण नियम त्यांचाच होता. हात वर करायला सांगितले. भिंगरीच्या शिक्षेला जास्त हात आले. शेवटचा बाक म्हणजे मी बसलो होतो तो. मला उठावं लागलं, कारण ती दप्तर घेऊन तिथे यायला निघाली होती.

घंटा झाल्यावर सरांना व्हरांड्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांचं तोंड उतरलं. "तेव्हाच का नाही बोललात, मिस्त्री?" म्हणाले. मग आपलं बोट आपल्याच ओठांवर होतं हे त्यांना आठवलं असावं, कारण ते खाली बघायला लागले. "मी उद्या वर्गात सांगतो. पण पोरं म्हणणार, वडील येऊन रदबदली करून गेले. ते त्यांच्या डोक्यातून मी कसं काढू?"   चकत्या शाळेला ठेवू का, असं त्यांनी विचारलं. मी ठेवा म्हटलं.

घरी चालत निघालो. ती दोन पावलं पुढे, दप्तर पाठीवर. चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मी म्हटलं, "अगं, बाबांनी सांगितलं म्हणून सांगायचंस ना सरळ! मी काय रागावलो असतो?"

"मी कसं सांगणार? सगळ्यांसमोर?"

दिवा बदलला. आम्ही रस्ता ओलांडला. पलीकडच्या फुटपाथवर ती थांबली, माझी वाट बघत.

"तुम्ही उठलात ना, बाबा," ती म्हणाली, "तेव्हा मला वाटलं, सुटले."