ताईचं वाटण

माझ्या डब्यातली भाजी खाऊन कॅन्टीनमधल्या भांडीवाल्या मावशी मरता मरता वाचल्या, आणि तिथून सगळं उघडकीला आलं.

आधीचं सांगते. माझ्या थोरल्या बहिणीच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. माझी किडनी तिला जुळते, पण डॉक्टरांनी मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर किलो. सत्तरवर या, मग पुढचं बघू. दोन महिने आहेत. त्यानंतर ताईंना ऑपरेशन झेपेल की नाही, सांगता येत नाही."

मी म्हटलं, एवढंच ना? कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रोज चारशे माणसांचं रांधते मी. मला कोण शिकवणार कमी तेलात भाजी परतायला? भाज्या धुऊन फडक्याने कोरड्या करायच्या. कढई सणसणीत तापवायची, तेल मोजून एक चमचा. आधी मश्रूम, मग गाजर, फरसबी, फ्लॉवर, शेवटी कोबी आणि सिमला मिरची. खाली लागतंय वाटलं तर पाण्याचा हबका, तेल नाही. मीठ अगदी उतरवताना, नाहीतर पाणी सुटून सगळ्याचा लगदा होतो. ताट भरून खा, पोट टम्म, आणि हिशेब दीडशे कॅलरीच्या आत.

ताई आमच्याकडेच राहते, आतल्या खोलीत. ती म्हणाली, "वाटण तरी मला करू दे. बसल्या बसल्या होईल." लसूण, आलं, पांढरा कांदा, हिरवी मिरची. रोज सकाळी बरणी भरून ठेवायची. मला भरून आलं. म्हटलं, बिचारीला तेवढाच विरंगुळा. मी दोन्ही वेळा तीन-तीन चमचे घसघशीत घालायची.

सहा आठवडे झाले आणि काटा सत्याहत्तरवर. मी वेडी व्हायची पाळी आली. नवऱ्याला धारेवर धरलं, म्हटलं चहात साखर घालतोस गुपचूप. काटा बदलून आणला. रोज चार मजले चढून जायला लागले. ताई म्हणायची, "जाऊ दे गं, तुझा बांधाच तसा आहे." आणि भाजी तर अशी लागायची की बोटं चाटावीत. दिवसभर वाफेत उभं राहून माझी जीभ बधिर झालेली असते, तरी ती चव कळायची. माझ्या हाताचा गुण, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. काय ती मिजास.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मावशींनी माझ्या डब्यात डोकावून विचारलं, "वास काय सुटलाय. काजू नाहीत ना यात?" काजूचा कण पोटात गेला तरी मावशींचा घसा सुजतो, हे अख्ख्या कॅन्टीनला ठाऊक आहे. मी हसले. "मावशी, मी वजन उतरवतेय. काजू कुठून घालू?" आणि मीच त्यांच्या ताटलीत दोन चमचे वाढले.

पाच मिनिटांत त्यांचे ओठ टरारून सुजले. मग श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. माझ्या हातातला डबा कधी पडला मला कळलं नाही. कुणीतरी त्यांच्या पिशवीतलं इंजेक्शन काढून मांडीत टोचलं, गाडी आली, नेलं. तासाभराने फोन आला, आता बऱ्या आहेत. पण मावशींनी जाताना माझ्याकडे बघितलं होतं, ते काही डोळ्यांपुढून हलेना.

खाली बसून एकेक आठवत गेले. भाज्या मी आणल्या. तेल मी मोजलं. मीठ मी घातलं. उरलं काय, तर वाटण.

मी सुट्टी टाकून घरी आले. ताई झोपली होती. बरणीतलं वाटण बोटांत घेऊन चोळलं, तर बोटं तुपकट झाली. तिच्या खाटेखालची शालींची पेटी ओढली. तळाशी काजूची पिशवी, अर्ध्याहून जास्त रिकामी. ताईला स्वतःला काजू बंद आहेत, डॉक्टरांनीच केलेत. मी तिथेच फरशीवर बसले.

ती जागी झाली होती. पिशवीकडे बघून म्हणाली, "आज कळलं तर."

"मावशी मेल्या असत्या, ताई." सगळं सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मावशींचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. आपल्या घरातला डबा बाहेर कुणी खाईल, असं तिला वाटलंच नव्हतं.

"माझी किडनी नको होती तर सरळ सांगायचं होतंस," मी ओरडले.

"सांगितलं. वर्षभर सांगतेय. तू ऐकतेस कधी? तू ठरवलंस, तूच डॉक्टरांकडे गेलीस. आई गेली तेव्हा तू दीड वर्षाची होतीस. मी तुला वाढवलं ते कापायला द्यायला नाही."

खरंच, मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या तोंडाचा पट्टा चालू, आणि तिने मान हलवली की मी ते होच धरायची. मला स्वतःची इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

मग विचारलं, "तुला जगायचंय की नाही, एवढंच सांग. नको असेल तर आज रात्रीपासून पोटभर भात खाते. शपथ."

ती चादरीचा काठ चुरगाळत बसली. मग म्हणाली, "जगायचंय गं. फार जगायचंय. त्याचीच तर भीती वाटत होती, की मी हो म्हणेन."

मी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात आणलं. बरणी रिकामी केली, उकळत्या पाण्याने धुतली, काजूची पिशवी कचऱ्यात टाकली. स्टुलावर बसवून लसणाचा गड्डा पुढे ठेवला. अजून दोन आठवडे हातात होते. सात किलो त्यात उतरणार नाहीत, हे दोघींनाही कळत होतं. डॉक्टरांपुढे पदर पसरायचा, एवढंच राहिलं होतं.

ती सोलत होती आणि मी तिच्या डोक्याशी उभी होते. लहानपणी मी डब्यातला खाऊ चोरला की ती मला भिंतीशी उभं करायची आणि म्हणायची, हात दाखव. मी मुठी आवळून रडायची, पण शेवटी दाखवायचीच.

वाटण झालं. झाकण लावायच्या आधी तिने बरणी माझ्याकडे सरकवली. मग दोन्ही मुठी माझ्यासमोर धरल्या आणि उघडून दाखवल्या.